थोरला रुंद, धाकटा उंच

वॉशिंग्टोनिया ही पाम कुळातली एक लहानशी प्रजाती आहे. या कुळात अडीच हजारांच्या आसपास जाती आहेत आणि त्यातल्या काही घरांत भावंडांची नावे लक्षात ठेवायला वही लागते. वॉशिंग्टोनियाच्या घरात मात्र दोघेच भाऊ. थोरला वॉशिंग्टोनिया फिलिफेरा, धाकटा वॉशिंग्टोनिया रोबस्टा. हे थोरलेपण वयाचे नाही, दप्तरातल्या नोंदीचे आहे: पहिल्याचे नाव 1879 मध्ये लागले, दुसऱ्याचे 1883 मध्ये. दोघांचीही पाने ताडासारखी, म्हणजे उघडलेल्या पंख्यासारखी; नारळासारखी कंगव्याच्या वळणाची नव्हेत. दोघांनाही फांद्या नाहीत, सगळा संसार शेंड्यावर. आणि चार-पाच वर्षांची दोन रोपे शेजारी ठेवली तर कोण कुठला हे त्यांच्या माळ्यालाही छातीठोकपणे सांगता येत नाही.

थोरल्याचा मुलूख म्हणजे दक्षिण कॅलिफोर्नियाचे वाळवंट, त्याला लागून अ‍ॅरिझोनाचा पश्चिमेकडचा थोडा भाग आणि मेक्सिकोतल्या बाहा कॅलिफोर्निया द्वीपकल्पाची उत्तर बाजू. धाकटा अस्सल मेक्सिकन. त्याचे घर त्याच द्वीपकल्पाच्या दक्षिणेला आणि आखातापलीकडच्या सोनोरा राज्यात. कॅलिफोर्निया राज्याचा मूळचा रहिवासी पाम एकच, तो म्हणजे फिलिफेरा. एवढे ध्यानात ठेवावे, कारण सिनेमात, पोस्टकार्डावर आणि टी-शर्टच्या छातीवर कॅलिफोर्निया म्हणून जो पाम दाखवतात तो सहसा हा नसतो.

आधी आडनावाचा घोळ निस्तरू. जॉर्ज वॉशिंग्टन 1799 मध्ये वारले तेव्हा त्यांच्या देशाची पश्चिम हद्द मिसिसिपी नदीपाशी संपत होती आणि कॅलिफोर्निया स्पेनच्या राजाच्या खात्यावर होता. तो पुढे 1821 मध्ये मेक्सिकोकडे आणि 1848 मध्ये अमेरिकेकडे आला. ज्यांचे नाव या झाडांना मिळाले त्यांनी ती पाहिली असण्याची सोयच नव्हती. त्या आडनावाचा एक माणूस मात्र झाडापर्यंत खरोखर पोहोचला होता. कर्नल हेन्री वॉशिंग्टन हे सरकारी मोजणीदार 1855 मध्ये मोजणीचे सामान घेऊन मारा नावाच्या पाणथळ जागी, आजच्या ट्वेंटीनाइन पाम्स गावापाशी, आले होते. पण नवी वनस्पती सापडली की मोजणीदाराचे नाव द्यावे, अशी रीत जगाच्या पाठीवर कुठेही नाही.

झाडाचे बी आधी युरोपात गेले. बेल्जियममधल्या रोपवाटिकेत ते रुजले आणि 1870 च्या दशकात प्रिचार्डिया या नावाने बाजारात आले. प्रिचार्डिया हे पॅसिफिक बेटांवरचे पाम. त्यांचा या वाळवंटी गड्याशी पंखा सोडला तर फारसा संबंध नाही. ही चूक हॅनोव्हरच्या राजबागेचे प्रमुख हर्मान वेंडलांट यांनी दुरुस्त केली. त्यांचे वडील आणि आजोबाही त्याच बागेत होते, म्हणजे पाम ओळखण्याची विद्या घरातच मुरलेली. या जर्मन गृहस्थांनी कॅलिफोर्नियाच्या पामाला व्हर्जिनियाच्या जमीनदाराचे नाव दिले आणि चार वर्षांनी मेक्सिकोचा धाकटा हाती आला तेव्हा त्यालाही त्याच आडनावाखाली घेतले. मेक्सिकोला विचारण्याची पद्धत नव्हती.

हे नाव तोवर कोरे राहिले होते असेही नाही. 1853 मध्ये इंग्रज वनस्पतिशास्त्रज्ञ जॉन लिंडली यांनी कॅलिफोर्नियातल्या महाकाय सिकोया वृक्षाला ड्यूक ऑफ वेलिंग्टनवरून वेलिंग्टोनिया हे नाव दिले. आपल्या अंगणातल्या सर्वांत मोठ्या झाडावर इंग्रज सेनापतीची पाटी लागलेली पाहून अमेरिकन खवळले आणि पुढच्याच वर्षी त्यांच्यातल्या एकाने त्या वृक्षाला वॉशिंग्टोनिया म्हणायची सूचना पुढे केली. शास्त्राने पुढे दोन्ही नावे बाजूला ठेवली. त्याखेरीज कोथिंबिरीच्या कुळातल्या एका रोपट्यालाही कोणीतरी हेच नाव देऊन ठेवले होते. त्यामुळे पामांना काही काळ निओवॉशिंग्टोनिया, म्हणजे नवा वॉशिंग्टन, असेही म्हणून पाहण्यात आले. अखेर खास ठरावाने मूळचे नाव पामांसाठी राखून ठेवले गेले. राखीव जागेवर बसलेले हे राष्ट्राध्यक्षीय आडनाव तेव्हापासून निर्वेध आहे.

आडनाव असे लांबून आणलेले, पण पाळण्यातल्या नावांची कथा त्याहून रंगतदार. फिलिफेरा म्हणजे धागे वाहणारा. हे नाव खरे आहे. त्याच्या पानाच्या दुभंगलेल्या टोकांमधून पांढरे, कुरळे धागे लोंबत असतात आणि झाड म्हातारे झाले तरी ते सोडत नाही. रोबस्टा म्हणजे दणकट, भरभक्कम. आता दोघांना उभे करून माप घ्यावे. फिलिफेराचे खोड पाऊण ते एक मीटर जाड, उंची पंधरा ते वीस मीटर. दुरून सिमेंटच्या पाण्याच्या टाकीचा खांब वाटावा. रोबस्टाची उंची पंचवीस ते तीस मीटरपर्यंत जाते आणि खोड बुडाशी जरा फुगीर असले तरी वर जाता जाता एवढे निमुळते होते की जोराच्या वाऱ्यात ते वाकताना खालच्या माणसाला पायाखालची जमीन तपासावीशी वाटते. घरातल्या काटकुळ्याचे नाव भीमराव ठेवावे तसा हा प्रकार आहे. रोबस्टाच्या बाजूने एवढेच म्हणता येईल की तो वाढतो मात्र भीमासारखा. त्याचे रोप थोरल्याच्या रोपाला पाहता पाहता मागे टाकते. नाव कमरेच्या घेरासाठी नसून वाढीच्या वेगासाठी आहे असे मानले की वेंडलांट यांच्यावरचा ठपका पुष्कळ हलका होतो.

थोरला वाळवंटात राहतो याचा अर्थ तो तहान मारून जगतो असा घेऊ नये. त्याला उन्हाचा त्रास नाही, पण पाय ओले हवेत. म्हणून तो वाळवंटात सरसकट दिसत नाही; जिथे झरा आहे तिथे गर्दी करून असतो आणि झऱ्यापासून शंभर पावलांवर एकही झाड नसते. कोअचेला खोऱ्यात तर हे झरे मांडणारा सॅन अँड्रियास भूभंग आहे. खडक एकमेकांवर घासून त्या भेगेत पीठ झालेल्या मातीची भिंत तयार होते, जमिनीखालून वाहणारे पाणी तिला अडते आणि वर येते. त्या पाण्यावर पामांची रांग उभी राहते. सगळ्या कॅलिफोर्नियाला ज्या भेगेची धास्ती आहे, जिच्या नावावर विम्याचे हप्ते ठरतात, तिच्याच काठावर ही झाडे शतक-दीड शतक पाणी पीत निवांत उभी असतात. हवेतून पाहिले की उघड्याबोडक्या टेकड्यांच्या पायथ्याशी भूभंगाची रेघ हिरव्या पेन्सिलीने ओढल्यासारखी दिसते.

या झऱ्यांवर मूळची वस्ती कावीया लोकांची. पाम स्प्रिंग्ज शहराला खेटून असलेल्या पाम कॅन्यन, अँड्रियास कॅन्यन या घळी आजही आग्वा कालिएंते या कावीया समूहाच्या ताब्यात आहेत आणि फिलिफेराची दाट राने पाहायची तर तिथेच जावे लागते. कावीयांनी या झाडाचे काही वाया घालवले नाही. पानांनी घरे शाकारली, धाग्यांच्या चपला आणि दोर केले, फळे खाल्ली, बिया दळून पीठ केले. फळ म्हणजे मटाराच्या दाण्याएवढा काळा मणी: वर खजुराच्या चवीचा पातळ गर आणि आत सगळी बी. मराठीतला काकतालीय न्याय ताडाच्या फळामुळे जन्माला आला. कावळा बसायला आणि फळ पडायला एक गाठ पडली. हा न्याय फिलिफेरावर बेतला असता तर कोणाच्या लक्षातही आला नसता. फळाची खरी गाठ पडते ती कोयोटशी. हा कोल्ह्याच्या जातकुळीचा प्राणी फळे भरपूर खातो आणि बिया पुढच्या झऱ्यापाशी नेऊन, कसलाही गाजावाजा न करता, खतासह पेरतो. वनखात्याला यापेक्षा चांगला कर्मचारी मिळणे अवघड.

कावीया लोक अधूनमधून या रानांना आगही लावत. वाळलेली पाने आणि किडी जळून जात, खालची जागा मोकळी होई आणि पुढच्या हंगामात फळे जास्त धरत. आंब्याच्या झाडाखाली शेकोटी केली तर आंबा वर्षभर रुसेल. पण पाम हे एकदल झाड आहे. अन्नपाण्याच्या नळ्या सालीखालच्या एका कड्यात नसून सगळ्या खोडभर विखुरलेल्या असतात. बाहेरून कोळसा झाला तरी आतला कारभार चालू राहतो आणि शेंड्याचा कोंब शाबूत असला की काही आठवड्यांत काळ्या खांबावर हिरवा तुरा उभा राहतो. याच रचनेमुळे पामाच्या खोडात वर्तुळे मोजून वय सांगता येत नाही. कुठल्या तरी गावातला पाम तीनशे वर्षांचा असल्याचे कोणी सांगितले, तर ते सांगणाऱ्याचे वय आधी विचारावे.

आता ओळखपरेड. ही दोन झाडे वेगळी सांगायला पुस्तकात पाच-सहा खुणा दिलेल्या असतात आणि प्रत्येक खुणेच्या पुढे बारीक अक्षरात "सामान्यतः" लिहिलेले असते. पहिली खूण खोडाची, ती वर आलीच. पण ती पक्की दिसायला झाड पंधरा-वीस वर्षांचे व्हावे लागते. दुसरी खूण देठाची. दोघांच्याही देठाच्या कडांना करवतीसारखे वाकडे काटे असतात. रोबस्टाचे काटे देठाच्या जवळजवळ पूर्ण लांबीवर असतात. फिलिफेराचे मोठ्या झाडात खालच्या अर्ध्या भागातच आटोपतात. ही खूण जवळून तपासणाऱ्याला ती आयुष्यभर लक्षात राहते, कारण तपासताना बोट कुठे ठेवले ते आठवणीत राहते. तिसरी खूण रंगाची आणि सर्वांत उपयोगी: रोबस्टाच्या देठाच्या बुडाशी तांबूस-तपकिरी झाक असते आणि पानाच्या मागच्या बाजूला, देठ जिथे पंख्याला मिळतो तिथे, गंजल्यासारखा एक डाग असतो. फिलिफेराचा देठ स्वच्छ हिरवा. पाने पाहिली तर रोबस्टाची चकचकीत हिरवी आणि फिलिफेराची राखाडी छटेची, धूळ बसल्यासारखी. वाळवंटात त्यांवर धूळ बसलेली असतेच, त्यामुळे या खुणेवर फार भिस्त ठेवू नये.

चौथी खूण धाग्यांची. थोरल्याच्या नावातच धागे आहेत, त्यामुळे पुष्कळ जण रोपवाटिकेत जाऊन धागे असलेले रोप फिलिफेरा म्हणून घरी आणतात. लहानपणी धागे दोघांनाही असतात. धाकटा मोठेपणी ते टाकून देतो, थोरला ठेवतो. मुंजीत दोघांच्याही गळ्यात जानवे असावे आणि पुढे एकाने ते खुंटीला लावावे तशातली गोष्ट. पण रोप मुंजीच्याच वयात विकले जाते. शेंड्याची खूण शेवटची: फिलिफेराचा शेंडा ऐसपैस आणि विरळ, आरपार आकाश दिसते, रोबस्टाचा घट्ट गोळा, खांबावर ठेवलेला झाडूचा फुलारा. हे सगळे ताडून पाहिल्यावरही झाड धड इकडचे ना तिकडचे वाटले तर धीर सोडू नये. ते संकरित असण्याची दाट शक्यता आहे. दोघा भावांची फुले एकमेकांशी सहज जुळतात आणि बागांमध्ये त्यांची संतती मुबलक आहे. तिला बागवान फिलिबस्टा म्हणतात. अमेरिकी सिनेटमध्ये तासन्‌तास भाषण ठोकून कामकाज लांबवण्याच्या डावपेचाला फिलिबस्टर म्हणतात. ओळखीचा प्रश्न लांबणीवर टाकणाऱ्या झाडाला याहून समर्पक नाव सापडणे कठीण.

दोघांतले सर्वांत मोठे साम्य कमरेखाली आहे. जुनी पाने वाळली की ती गळून पडत नाहीत. खाली वळतात आणि खोडाला लपेटून राहतात. वर्षानुवर्षांची अशी पाने साचून तपकिरी घागरा तयार होतो. इंग्रजीत या झाडांना पेटीकोट पाम, म्हणजे सरळ परकरवाला पाम, असेच म्हणतात. वाळवंटात कोणी हात लावला नाही तर फिलिफेराचा परकर जमिनीपर्यंत पोहोचतो आणि झाड जुन्या वळणाच्या घरातल्या आजीसारखे घोट्यापर्यंत झाकून उभे राहते. हा परकर म्हणजे एक चाळ आहे. हुडेड ओरिओल नावाचा पिवळा पक्षी पानाला खालून भोके पाडतो आणि पामाच्याच धाग्याने घरटे शिवून टांगतो. आपल्याकडच्या शिंप्याचे काम, पण दोरा मालकाचा. शहरांत पाम वाढले तसा हा पक्षी कॅलिफोर्नियात उत्तरेकडे सरकत गेला. आतल्या बाजूला पिवळसर वटवाघळे दिवसभर लोंबकळत असतात. शहरात या चाळीत उंदीरही भाड्याने राहतात, आणि भाडे कोणीच देत नाही. खोडाच्या आत एक वेगळाच बिऱ्हाडकरू असतो: डिनापेट नावाचा, बोटाएवढा लांब, काळा भुंगेरा. त्याची अळी खोड पोखरत कित्येक वर्षे आत काढते आणि एक दिवस अंगठा जाईल एवढे गोल भोक पाडून भुंगेरा बाहेर येतो.

शहरातल्या लोकांना परकर आवडत नाही. त्याला ठिणगी लागली तर झाड मशालीसारखे पेटते, हे त्यांचे म्हणणे खरे आहे. म्हणून माणसे वर चढवून पाने छाटली जातात. हे काम दिसते तेवढे हसण्यावारी नेण्यासारखे नाही. खालून छाटताना शेकडो किलोंचा वाळका थर एकदम घसरून चढलेल्या माणसाभोवती आवळला जातो आणि त्यात गुदमरून माणसे मेली आहेत. जाणकार वरून खाली छाटतात. छाटल्यावर मात्र रोबस्टाचे जे रूप दिसते ते जगप्रसिद्ध आहे: एक लांबलचक उघडा खांब आणि टोकाला पिसांचा झुपका. लॉस एंजेलिस म्हणून डोळ्यांसमोर येते ते हेच.

तिथे तो आला माणसांच्या हातूनच. लॉस एंजेलिसचे पामावरचे प्रेम जुने आहे. 1888 मध्ये एक वाढलेला पंखा पाम मुळासकट उपटून आर्केड रेल्वे स्थानकाच्या दारात लावण्यात आला, बाहेरगावच्या पाहुण्यांना उतरल्या उतरल्या गाव उष्ण आणि सुखाचे आहे हे कळावे म्हणून. 1914 मध्ये स्थानक बदलले तसा तो पुन्हा उपटून एक्स्पोझिशन पार्कमध्ये नेला. सरकारी नोकराप्रमाणे दोन बदल्या सोसलेले हे झाड आजही तिथे उभे आहे. पुढे महामंदीत, 1932 च्या ऑलिंपिकच्या तोंडावर, बेकारांना काम देण्यासाठी शहराने 1931 या एका वर्षात पंचवीस हजारांहून अधिक पाम रस्त्यांच्या कडेला लावले. त्यात मोठा भरणा मेक्सिकोच्या धाकट्याचा. तो स्वस्त होता, भरभर वाढत होता, मुळे पसरून पदपथ उचलत नव्हता आणि मोटारीच्या आड येत नव्हता. अशा रीतीने सीमेपलीकडचा धाकटा शहराचा चेहरा झाला आणि त्याच राज्यात जन्मलेला थोरला दोनशे किलोमीटरांवर वाळवंटात भूकंपाच्या भेगेवर बसून राहिला.

रस्त्यावरचे झाड म्हणून रोबस्टाची एकच उणीव, आणि ती वाढत्या उंचीबरोबर वाढते: तो सावली देत नाही. म्हणजे देतो, पण तीस मीटर उंचावरच्या झुपक्याची सावली दुपारनंतर रस्ता ओलांडून समोरच्याच्या गच्चीवर पडते. ज्याच्या दारात झाड त्याच्या वाट्याला फक्त वाळलेली पाने, तीही वाऱ्याच्या दिवशी मोटारीच्या काचेवर. बिया मात्र तो सढळ हाताने सगळ्यांना वाटतो. भिंतीची फट, गटाराचे तोंड, नदीचा काँक्रीटचा काठ, कुठेही त्याची रोपे उगवतात, आणि शहराच्या या लाडक्याचे नाव कॅलिफोर्नियातल्या उपद्रवी परक्या झाडांच्या यादीतही आहे. मोबाइल कंपन्यांनी तर त्याचे एक तिसरे भावंड जन्माला घातले. पोलादी खांब, त्यावर प्लास्टिकची पाने आणि पानांत दडवलेले अँटेना. ही जात ओळखायला सर्वांत सोपी. तिला परकर नसतो, उंदीर नसतात आणि तिच्या शेंड्याखाली उभे राहिले की फोन स्पष्ट ऐकू येतो.

महाराष्ट्रातल्या रोपवाटिकांत हे दोघे भाऊ पोहोचले आहेत. गृहसंकुलाच्या कमानीपाशी, रिसॉर्टच्या वाटेवर आणि फार्महाउसच्या फाटकाशी त्यांची जोडी लावायचा प्रघात आहे. निवड करायची तर हवेवरून करावी. रोबस्टाला दमट हवा चालते, म्हणून किनारपट्टीवर तोच बरा; फिलिफेराला कोरडी हवा आणि निचऱ्याची जमीन लागते, सततच्या दमट हवेत त्याचा कोंब कुजतो. थंडीत थोरला अधिक चिवट, शून्याखाली आठ-दहा अंशांपर्यंत टिकतो. या गुणाचा पुण्या-नाशकात फारसा उपयोग नाही. दोन झाडांत अंतर ठेवताना थोरल्याच्या पानांचा पसारा चार-पाच मीटरांचा होतो हे धरावे आणि काट्यांच्या देठाशी पोरांची सायकल लावायची जागा आखू नये. कुंडीवरच्या चिठ्ठीवर बहुतेक ठिकाणी नुसतेच "वॉशिंग्टोनिया" लिहिलेले असते. पुढचा शब्द कोणता, हे खोड कमानीच्या वर गेल्यावर कळते.